देवाकडे मागितलेली दमणी

माझ्या लग्नासाठी देवानं तीन गाड्या धाडल्या आणि त्यातल्या दोन मी परत पाठवल्या. माणूस जरा जास्त शहाणा असला की असं होतं.

तेव्हा कापसाला सोन्याचे दिवस आले होते. लढाई कुठं सातासमुद्रापार अमेरिकेत, आणि भाव चढतोय आमच्या अकोल्यात! ज्याच्या दारात बैलजोडी तो राजा. चाकावर फिरणारी जी म्हणून वस्तू होती ती कापसाखाली दबलेली. आगगाडी आमच्याकडे अजून पोचायचीच होती. अन् नेमकं अशात माझं लग्न ठरलं, तेही अमरावतीला! नवरीचं नाव सारा. रविवारच्या उपासनेनंतर लग्न लागायचं आणि त्याच दुपारी पाद्रीसाहेब लांबच्या दौऱ्यावर निघायचे, ते थेट पुढचा पावसाळा उलटल्यावर परतायचे. म्हणजे रविवार हुकला की लग्नाच्या नावानं आमेन!

आम्ही मळ्यातली माणसं. वांगी, मेथी, झेंडू लावायचे आणि बाजारात विकायचे. ख्रिस्ती होऊन फार काळ झाला नव्हता, त्यामुळे उत्साह ताजा होता. (माझा तर उतू जात होता!) घरच्यांनी एकमतानं मागितलं की देव ऐकतो, असं पाद्रीसाहेबांनी शिकवलं होतं. पुढचं मी पदरचं जोडलं: मागायचं ते नेमकं मागावं, उगाच देवाला घोटाळ्यात टाकू नये.

सोमवारी संध्याकाळी बाबा, माय आणि मी गोणपाटावर गुडघे टेकले. मायनं सुरुवात केली.

"प्रभू, माह्या पोराले अमरावतीले पोचव. कोनतीबी गाडी दे, बापा."

मी खाडकन डोळे उघडले. "माय, असं मोघम नाई मांगत!"

"काहून? देवाले समजत नाई का?"

"दमणी मांग. पांढऱ्या बैलांची, घुंगराची. वर छप्पर पायजे!" (दमणी म्हणजे माणसांनी ऐटीत बसायची हलकी गाडी. माल वाहायची ती बंडी. नवरदेव बंडीतून जातो होय?)

"मंग लगे हात मले लुगडंबी मांगून घेऊ का?" माय कडाडली.

"तुमी दोघं भांडून राहिले अन् इकडं माह्ये गुडघे गेले!" बाबा कळवळले. "एकमत करा लवकर!"

बाबांच्या गुडघ्यांपायी एकमत झालं. दमणी ठरली. आमेन!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बार्शीटाकळीचा एक ओळखीचा शेतकरी उभा. बंडीवर कापूस असा रचलेला की आमचं छप्पर ठेंगणं वाटावं.

"अमरावतीले जाऊन राहिलो. तुमाले जागा हाय म्हनतो मी. बसा कापसावर, गादी हाय गादी!"

"ऐकलं व माय प्रभूनं!" म्हणत मायनं गाठोडं उचललं. मी दार अडवून उभा राहिलो.

"काका, उपकार झाले. पण आमी दमणी मांगतली हाय."

"कोनाले?"

"देवाले."

तो थोडा वेळ माझ्याकडे आणि जास्त वेळ आपल्या बैलांकडे पाहत राहिला. "मंग त्याचीच वाट पाहा," म्हणाला आणि निघून गेला.

बुधवारी तेल्याची गाडी आली. बुधल्यांमध्ये तिघांपुरती जागा होती.

"अरे, एक बैल पांढरा हाय न!" मायनं हात जोडले.

"दुसरा काळा हाय," मी म्हणालो. निर्धार म्हणजे निर्धार!

"लेका, देवाजवळ दमणी नसन सध्या," बाबा हळूच म्हणाले. "त्याचीबी कापसात गुंतली असन."

"विश्वास ठेवा, बाबा!"

शुक्रवार उजाडला. रस्त्यावरून बंड्या जात होत्या, पण आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना. देवानं पाठवलेल्या गाड्या परत धाडणारं घर म्हणून आमची कीर्ती झाली होती! मला सारा आठवली. एकदाच पाहिली होती, पण तेवढ्यानंच मी कामातून गेलो होतो. ती वर्षभर थांबेल, पण तिचा बाप थांबेल का? कुणी न सांगता मी गुडघे टेकले.

"प्रभू, काहीबी दे. चाकं असली की झालं."

आमेन म्हणायच्या आत बाहेर कुणीतरी जोरात शिंकलं.

गाडी होती. वाळलेल्या लाल मिरचीची! गाडीवान नाकाला फडकं बांधून बसला होता. मी छप्पर पाहिलं नाही, बैलांचा रंग पाहिला नाही, माय-बाबांना पोत्यांवर चढवलं आणि मागून उडी मारली.

मूर्तिजापूर येईपर्यंत आम्ही तिघं आळीपाळीनं शिंकत होतो. नंतर एकदम शिंकू लागलो. (आमचं असं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं!) बडनेरा आलं तेव्हा माझे डोळे मिटले होते ते उघडेनात. रविवारी सकाळी आम्ही अमरावतीत उतरलो तर नवरीकडच्या बाया धावत आल्या आणि आमची तोंडं पाहून विचारू लागल्या, "कोन गेलं व माय?"

पाद्रीसाहेबांनी गंभीरपणे विचारलं, "ही बायको तुला मान्य आहे?"

मी शिंकलो.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा शिंकलो.

"हो म्हनते तो!" मागून बाबा ओरडले. मग माझ्या अंगरख्यातली मिरची पाद्रीसाहेबांपर्यंत पोचली आणि आशीर्वाद त्यांनी तीन तुकड्यांत दिला. पण लग्न लागलं! मी इतका खूश होतो की आग होणाऱ्या डोळ्यांतून खरं पाणी कोणतं हे मलाही कळेना.

संध्याकाळी सारा माझ्या पापण्यांना लोणी लावत होती. मी तिला दमणीची सगळी हकीकत सांगितली आणि छाती फुगवून म्हणालो, "पाहा, मांगायचं तं नेमकं मांगावं, असा माहा विश्वास होता."

"मीबी नेमकंच मांगतलं होतं देवाले," ती म्हणाली. "नवरा उंच पायजे, देखना पायजे, अन् समजदार तं पायजेच."

"मंग?" मी खुलून विचारलं.

"मंग तुमी आले," सारा म्हणाली. "मी परत धाडलं का?"