उजवी टाच

माझी मुलगी पाच वर्षांची झाली तरी तिची उजवी टाच कधी जमिनीला लागली नव्हती. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, म्हणून दोन्ही पाय ताठर. डावा थोडाफार ऐकायचा, उजवा अजिबात नाही. उभं केलं की चवड्यावर चढायची आणि गुडघे एकमेकांत अडकायचे. आमच्या गावात, सोनाळ्यात, बायका विचारायच्या, "काऊन वं, चालत नाई का अजून?" मी म्हणायची, "चालन ना. तुमाले काय घाई हाय?" तोंड माझं माहेरापासूनच असं आहे.

खामगावच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. पोटरी आखडली आहे, म्हणाले. आधी तीन आठवडे रोज चार तास थेरपी, मग तोच व्यायाम घरी. दिवाळीपर्यंत टाच खाली आली तर ठीक, नाही तर ऑपरेशन. वर्षाची असताना तिला एकदा भूल दिली होती, तेव्हा झटके आले होते. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती. म्हणून ठरवलं, टाच खाली आणायचीच.

खामगावात एक खोली घेऊन आम्ही मायलेकी राहिलो. सकाळी आधी ताण द्यायचा, मग मोठ्या चेंडूवर पोटावर झोपवायचं, मग स्टुलावरून उठ-बस, आणि शेवटी दोन दांड्यांच्या मधून चालणं. पायात पोटरीपासून बोटांपर्यंत प्लास्टिकची पट्टी, तिला ते स्प्लिंट म्हणतात, आणि वरून बूट. थेरपीच्या मॅडम लहानखुऱ्या, पण हात असा की मुलगी पहिल्या दिवशी भोंगा पसरून रडली. दुसऱ्या दिवशी तिनं धमकी दिली की मॅडम, तुमाले मी पानपिंपरी खाऊ घालीन. आमच्याकडे ही पिंपरी मळ्यात होते, जिभेला लागली की अर्धा तास पाणी पुरत नाही. मॅडम म्हणाल्या, आधी दहा वेळा ऊठ, मग खाते. ती बारा वेळा उठली. तीन आठवड्यांत दांड्यांना धरून पोरगी सात पावलं गेली, आणि खरं सांगते, त्या खोलीत मी एकटीच नाचले.

घरी आलो तर दांड्या कुठून आणणार? अंगणात बांबू रोवता आले असते, पण तिच्याजवळ बसणार कोण? आम्ही सगळे दिवसभर पानमळ्यात. मग माझ्याच डोक्यात आलं. विड्याच्या पानाचे वेल ज्या शेवरीच्या झाडांवर चढतात ती झाडं ओळीनं लावलेली, दोन ओळींत पोरीच्या दोन हातांइतकं अंतर. सावली, गारवा, आणि घरची माणसं आजूबाजूला. अशा दांड्या खामगावात तरी आहेत का? मी स्वतःवरच खूश झाले.

आता पानमळ्याची आमच्यात एक रीत आहे. आत पायताण न्यायचं नाही. मळा म्हणजे देवाची जागा. बायकांना तर महिन्याचे चार दिवस फाटकाच्या बाहेरच. त्यावर माझं सासऱ्यांशी एकदा वाजलंही होतं. पण चपलेबद्दल कधी कुणाला सांगावं लागत नाही, फाटकाशी हात आपोआप पायाकडे जातो. तसाच माझा गेला. तिचे बूट काढले. बुटाशिवाय स्प्लिंट घसरतं, म्हणून तेही काढलं. दोन्ही फाटकाजवळच्या दगडावर ठेवलं आणि पोरीला आत नेलं. मी विचारलं नाही, कुणी मला सांगितलं नाही.

आणि ती चालली की हो! मऊ, ओल्या मातीत झाडं धरत धरत या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासरे वेल बांधायचे थांबून बघायचे. महिन्याभरात दिवसाला वीस फेऱ्या. मी गावभर सांगत सुटले.

महिन्यानं खामगावला तपासणीला गेलो. मॅडमनी पाऊल हातात धरून वर दाबलं, कोन मोजला, पुन्हा मोजला. पोटरी आधीपेक्षा जास्त आखडली होती. चालवता की नाही, त्यांनी विचारलं. मी छाती काढून वीस फेऱ्या सांगितल्या. बूट-स्प्लिंट घालूनच ना? मी म्हटलं, नाही, मळ्यात कसं घालणार? मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी समजावलं की मऊ मातीत मूल बोटं रुतवून चवड्यावरच चालतं. रोज वीस फेऱ्या तुम्ही तिला टाच वर ठेवायलाच शिकवलं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ती मी. परतीच्या बसमध्ये पोरगी मांडीवर झोपली होती आणि मी शेगाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. शेगावनंतर मात्र रडू थांबलं आणि राग चढला. स्वतःचा, रितीचा, दगडावर वाळत पडलेल्या त्या बुटांचा. घरी पोचले ती भांडायच्याच तयारीनं.

सासरे ओट्यावर पानं लावत बसले होते, चांगली एकीकडे, डागी एकीकडे. मी पाणीही न पिता समोर उभी राहिले. म्हटलं, "मामाजी, उद्यापासून पोरगी बूट घालून मळ्यात जाईन. नाई चालत तं मी बी येत नाई मळ्यात." नवरा मागून खुणा करत होता, गप बस म्हणून. सासऱ्यांनी वर पाहिलं नाही. ते बुटातलं प्लास्टिक काय करते, एवढंच विचारलं. मी स्प्लिंट त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं, माझी चूक धरून. टाच आली नाही तर भूल द्यावी लागेल, हेही. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, आतून बोट फिरवलं, जिथं पोरीच्या घोट्यानं घासून खूण पडली होती तिथं बोट थांबलं.

"हे पायताण नाई बाई," ते म्हणाले. "हा तिचा पाय होय. पाय कोणी भाईर ठेवते का?"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पडले नाही; आमचं तसं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ते धुमस घेऊन मळ्यात होते. मधल्या दोन ओळींतली माती ठोकून ठोकून त्यांनी अंगणासारखी टणक केली. तिथलं पाणी बंद केलं. पानाच्या वेलाला पाणी तोडणं म्हणजे काय, हे मळेवाल्याला विचारा. दोन्ही ओळी पंधरा दिवसांत पिवळ्या पडल्या. शेजारचे मळेवाले म्हणाले, बूट आत नेले म्हणून देव कोपला. सासरे म्हणाले, देव नाई, म्याच पाणी तोडलं.

त्या वाळक्या ओळींतून पोरगी रोज चालली. आता फेऱ्या आठच, पण बूट घालून. पाऊल टाकताना टाच आधी, मी मागून ओरडत, टाच, टाच, टाच. ती वैतागून म्हणायची, आई, तूच घाल ना हे. घोट्याला फोड आला की दोन दिवस सुट्टी, मग पुन्हा.

दिवाळीच्या आठवडाभर आधी खामगावला गेलो. सासरे पहिल्यांदाच सोबत आले, धुतलेलं धोतर नेसून, दाराशी उभे. मॅडमनी कोन मोजला. मग पोरीला अनवाणी फरशीवर उभं केलं, दांडी धरायला दिली, आणि एक कोरा कागद तिच्या उजव्या टाचेखाली सरकवला. टाच वर असेल तर तो सहज निघतो, एवढं त्यांनी मला सांगितलं. मॅडम खाली बसल्या आणि कागदाचं टोक धरून त्यांनी ओढलं. कागद हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढलं.

पोरीनं मान खाली घालून त्यांच्याकडे पाहिलं. "ओढू नका ना मॅडम," ती म्हणाली. "मी उभी आहो ना त्याच्यावर."