आघाड्याची राख

वामनराव वैद्यांना पोथी तोंडपाठ, पण हिशेबाच्या नावाने शंख. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या औषधाला गुण यायचा तो बायकोमुळे, माणिकबाईंमुळे. आघाडा जाळायचा, राखेत सहापट पाणी घालायचं, एकवीस वेळा गाळून निवळ क्षारपाणी उकळून घ्यायचं. ही सगळी मापं त्या बोटांच्या पेरांवर धरायच्या. आम्ही शेजारी. पुढचं सारं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांना नुसतं वेड लागलं. पडीक मोडली, शेताच्या धुऱ्या-बांधांवरसुद्धा सरकी टोचली. मग आघाडा उगवणार कुठे? माझ्या बापानेही तेच केलं, तेव्हा कुणाला नावं ठेवायला मला तोंड नाही.

त्याच हिवाळ्यात माणिकबाईंच्या नणंदेच्या, सुभद्राच्या पोटात गोळा उठला. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली ही बाई जात्यावर ओव्या म्हणू लागली की जाणारे येणारे थांबायचे. वामनराव रोग्यासाठी तिवशाला गेलेले, आणि या दुखण्यावरच्या क्षारपाण्याला घरात आघाडा मूठभर. माणिकबाईंनी उरलेली भर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, राखेने काढली. राख ती राख. पाणी सहापट, हिशेब चोख. चोखच होता मेला! पऱ्हाटीची राख किती जहाल, हे पोथीत कुठे होतं?

सुभद्राने वाटी रिकामी केली आणि तिचा गळा आतून सोलून निघाला. ती जगली, पण आवाज गेला तो गेलाच. उरली घरघर.

माणिकबाईंनी नवऱ्याला सांगितलं, उकळी जास्त झाली. पण भाकरी थापतानाही त्यांची बोटं पेरांवर फिरायची. आठपट घातलं असतं तर? बारापट? मधेच कानात ओवी यायची. धावत जावं, तर सुभद्रा मुक्यानेच दळत बसलेली. अशी नऊ वर्षं गेली, वामनरावही गेले.

एका दुपारी वाती वळताना माणिकबाईंना राहवलं नाही. "वन्सं, ते राख आघाड्याची नव्हती. पऱ्हाटीची होती."

सुभद्राने वर पाहिलंही नाही, तशीच घरघरत म्हणाली, "मले ठाऊक होतं, वैनी. पह्यल्या घोटालेच जीभ जळली."

"मंग काहून पेल्या, बाई?"

"तुमी देल्लं होतं म्हून."

हे मला सांगून झालं, तशी माणिकबाईंची बोटं पुन्हा पेरांवर फिरू लागली. म्हणाल्या, "तिनं मले शिव्या देल्या असत्या, त मी सुटली असती."