जो घाण करेल, तो पुसेल

आठवी ‘ब’च्या वर्गासमोर उभी राहून मी एका तेरा वर्षांच्या मुलाची माफी मागितली. ‘वेदांत, माझं चुकलं,’ असं म्हणाले. हात जोडायला कुणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप जोडले गेले. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

बाजूला मुख्याध्यापक उभे होते. दारात वेदांतचे काका, म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे धाकटे भाऊ. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. ते माझ्याशी बोललेच नाहीत, मुख्याध्यापकांशी बोलले.

“कोट्यातून आली ना हे? मंग शिकवत राहावं गुपचूप. आमच्या पोराच्या हातात फडका देते! तो कोपरा आता हिच्याकडूनच पुसून घ्या.”

मुख्याध्यापक माझ्याकडे न बघता म्हणाले, “घ्या मॅडम, पुसून टाका. विषय संपवू.”

मी पुसला. पदर खोचून, उकिडवं बसून. बावन्न मुलं बघत होती.

कोपऱ्यात खर्ऱ्याची थुंकी होती. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा करतात. आमच्या वर्धेकडे तो मास्तरांच्या खिशात सापडतो आणि पोरांच्या दप्तरातही. आठवी ‘ब’चा मागचा कोपरा तर जणू त्यासाठीच बांधला होता. माझ्या आधीच्या सरांनी त्या कोपऱ्याकडे बघणंच सोडलं होतं. वर्गाकडेही. मला हा वर्ग मिळाला तो कुणालाच नको होता म्हणून. मी शिक्षण सेवक. तीन वर्षं तात्पुरती, मग संस्थेची सही झाली तर कायम. माझं तिसरं वर्ष चालू होतं. अशा माणसाला नको असलेलं सगळं मिळतं.

पहिल्या आठवड्यात मी मुलांनाच विचारून तीन नियम फळ्याच्या वर लिहिले. घंटा झाली की जागेवर. एक बोलत असेल तर बाकीचे ऐकतील. आणि तिसरा, जो घाण करेल, तो पुसेल. छडी नाही, शिव्या नाहीत, पण सूटही नाही.

शिस्त म्हटलं की लोकांना डोळे वटारणारी बाई दिसते. खरी शिस्त फार कंटाळवाणी असते. सोमवारी सांगितलेलं शनिवारीही तेच आणि तसंच सांगायचं. घसा बसलेला असला तरी, पिपरी मेघेच्या भाड्याच्या खोलीवरून निघताना अंगात ताप असला तरी. एक दिवस कानाडोळा केला की महिनाभराचं मातीत जातं. दिवाळीपर्यंत मी पार पिळून निघाले, पण वर्ग बसायला लागला होता.

नियम लागल्यावर पहिल्यांदा सूरज थुंकला. त्याचे आईवडील वीटभट्टीवर आहेत. मी फडका पुढे केला. पोरं हसली, मी त्यांचं हसू थांबेपर्यंत उभी राहिले. सूरजनं पुसलं आणि विचारलं, “झालं ना मॅडम चकाचक?” मी म्हटलं, झालं. तो जागेवर जाऊन बसला आणि मी भूगोल पुढे शिकवला.

मग पंधरा दिवसांनी वेदांत थुंकला. फडका तोच, वाक्य तेच. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग वर्गाकडे, मग पुसलं. दोन मिनिटांचं काम. वर्गात कुणी हसलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, आता हा वर्ग माझा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वेदांतनं तिथंच पुन्हा थुंकून ठेवलं आणि त्याच्या मागोमाग भाऊसाहेब आले. पुढचं सांगितलंच आहे.

माझी माफी झाली आणि वर्ग उधळला. घंटा व्हायची, कुणी बसायचं नाही. नियम फळ्याच्या वर तसेच होते, पण कुणी तिकडे बघत नव्हतं. मी रागावू शकत नव्हते. कोणत्या तोंडानं रागावणार? स्टाफरूममध्ये एक मॅडम म्हणाल्या, “कायले डोकं लावता जी? जूनमध्ये कायम होऊन जा, मंग पाहा.” मलाही ते पटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि सूरज पुन्हा थुंकला. सवयीनं मी फडका उचलून त्याच्यापुढे धरला.

त्यानं हात पुढे केला नाही. “काऊन मॅडम? त्याचं तर तुमीच पुसलं. मंग माह्यंच काऊन मले पुसा लागते?”

वेदांत मोठ्यानं हसला.

फडका धरलेला हात तसाच राहिला, आणि मला माझा तिसरीचा वर्ग आठवला.

आमचं गाव हिंगणीच्या पलीकडे, बोरच्या जंगलाला लागून. आम्ही गोंड. शाळेत पंधरा ऑगस्टला लाडू वाटले आणि गावातल्या बड्या घरची एक मुलगी वर्गात ओकली. मी तिच्यापासून चार ओळी मागे होते. गुरुजींनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. “ए, ऊठ. राख आन अन् पुसून काढ.” मी पुसलं. गुरुजी म्हणाले, “शाब्बास. तुमच्या लोकाईचा हात कामाचा असते.”

सगळ्यात वाईट म्हणजे मला आनंद झाला. गुरुजींनी शाब्बास म्हटलं होतं. मी पळत घरी गेले. आई अंगणात वाळवलेली मोहफुलं निवडत होती. ऐकून तिचे हात थांबले. आमच्या भाषेत तिनं गुरुजींना जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मला मराठीत म्हणाली, शाळेचं शाळेच्या भाषेत कळावं म्हणून असेल, “तू केलं नाई ना? मंग तुवा काऊन पुसलं?”

तिसरा नियम मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नव्हते. तो आईचा होता. आणि आता माझ्या वर्गात तो फक्त सूरजला लागू होता. थकलेली, घाबरलेली मी त्या गुरुजींच्या जागी उभी होते. मला स्वतःची शिसारी आली.

सूरजलाही सोडून द्यावं, असं क्षणभर वाटलं. फिट्टंफाट. पण मग माझ्याकडे नियमच उरला नसता, आणि ज्या वर्गात नियम नसतो तिथं भाऊसाहेबांचाच चालतो.

मी फळ्याकडे गेले आणि वर्गाला म्हटलं, “त्या दिवशी मी माफी मागितली. कोपरा पुसला. मी घाबरले होते, म्हणून केलं. दोन्ही चुकलं. ती माफी मी परत घेते.” वेदांतचं हसू थांबलं. त्याला म्हटलं, “घरी सांगशील तर नीट सांग. अर्धवट सांगू नकोस.” मग सूरजकडे वळले. “तू थुंकलास, तू पूस. यापुढे जो थुंकेल तो पुसेल. मी कुणाचंच पुसणार नाही.”

सूरजनं फडका घेतला. या वेळी चकाचक झालं का, ते विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी संस्थेचा कागद आला. विद्यार्थ्याचा वर्गात अपमान केल्याबद्दल खुलासा करावा. मी एकच ओळ लिहिली, “वर्गाचे नियम सर्व विद्यार्थ्यांना सारखे आहेत.” मुख्याध्यापकांनी ती दोनदा वाचली.

“मॅडम, तुमच्या फायलीवर सही व्हाची हाये अजून. माफी लिवून टाका ना.”

“सर, माफी मागून पाहिली. वर्ग बिघडला. वेदांतला नियम नको असेल तर तसं लेखी द्या. मी फळ्याच्या वर लिहून टाकते.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. लेखी काही दिलं नाही.

आज मधल्या सुट्टीनंतर कोपऱ्यात ताजी थुंकी होती. वेदांतच्या गालात अजून खर्रा होता आणि तो सरळ माझ्याकडे बघत होता. मी फडका त्याच्या बाकावर ठेवला. त्यानं हात लावला नाही. शाळा सुटली, तो तसाच उठून गेला. मी शिपाईकाकांना सांगितलं, खोली झाडा, पण कोपऱ्याला हात लावू नका.

मी खूप थकले आहे. गुडघे दुखतात, रात्री झोप लागत नाही, आणि जूनमध्ये सही होणार नाही हे मला जवळजवळ कळून चुकलं आहे. पण उद्या घंटा झाली की फडका त्याच्या बाकावर असेल. परवाही. मला काढलं तर ज्या दिवशी काढतील त्या दिवशीही. मी मात्र तो कोपरा पुसणार नाही.