सईनं आज काय विचारलं?

हिराताईला शेवटचा भेटलो तेव्हा तिच्या नाकाला नळी होती आणि मी नेहमीसारखा बडबडत होतो. आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे, आणि आजारी माणूस दिसलं की ते मी जरा जोरातच चालवतो. शेजारच्या खाटेवरची बाईही हसायला लागली, तेव्हा ताईनं हात वर करून मला थांबवलं. "सईनं आज काय विचारलं रं?" सई माझी नात, नुकतीच शाळेत जायला लागलेली. मी म्हटलं, विचारत होती, चंद्र आपल्या रिक्षाच्या मागं मागं का येतो? ताईनं डोळे मिटले. "हा तुझा प्रश्न हाय. तिचा न्हाय." आयुष्यभर थापा मारून मी इतका सरळ कधी पकडला गेलो नव्हतो... त्याच आठवड्यात ती गेली.

ताई माझी मोठी बहीण. खाडीकाठच्या अंजूर गावात तिनं बालवाडी चालवली. तिचं शिक्षण बेताचं. पोरांच्या प्रश्नांची उत्तरं तिला बहुतेक यायची नाहीत आणि त्याची तिला लाजही नव्हती. "मला न्हाय म्हाईत, चल बघू," एवढंच म्हणायची आणि अख्खी बालवाडी उठवून चालायला लागायची. एकदा एका पोरीनं विचारलं, खाडीचं पाणी दुपारी जातं कुठं? मी तिथं पाहुणा म्हणून बसलो होतो. लगेच सांगून टाकलं, समुद्राच्या घरी जेवायला जातं, झोप काढून परत येतं. पोरं खूश होऊन गप्प बसली. मी कौतुकाच्या आशेनं ताईकडं पाहिलं, तर ती म्हणाली, "गप केलंस ना त्यांना?" मग सगळ्यांना घेऊन बांधावर गेली. चिखल उघडा पडला, खेकडे निघाले, एकाची चप्पल चिखलानं गिळली, आणि संध्याकाळी आया भांडायला आल्या. पाणी कुठं जातं ते कुणालाच कळलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पोरं विचारत होती, पाणी परत आलं की खेकड्याचं घर बुडतं का? ताई अशी खुशीत होती, जणू तिचाच पगार वाढला.

पुढं बांधाकडची शेतं गोदामांना गेली. रस्त्यावर कंटेनर, वाटेवर भिंत, भिंतीशी वॉचमन. "चल बघू" म्हणून जायचं कुठं? पोरंही हळूहळू व्हॅनमध्ये बसून इंग्रजी नर्सरीला जायला लागली. ताई निवृत्त झाली तेव्हा बालवाडीत बघण्यासारखं एक घड्याळ उरलं होतं, तेही बंद.

मग सई तिच्याकडं आली. माझा मुलगा आणि सून दोघांच्या ड्युट्या, म्हणून दिवसभर पोर अंजूरला. ताईला जणू पुन्हा बालवाडी मिळाली. मी नारपोलीत एका लूमच्या कारखान्यात हिशेब बघतो. लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याची गोष्ट मी सांगितली, तर सईनं विचारलं, धोटा गेला की परत का येतो? ताई तिला रिक्षात घालून थेट कारखान्यात घेऊन आली. त्या खडखडाटात तिचं बोलणं कुणाला ऐकू येईना. शेवटी एका कारागिरानं लूम बंद केला, "देख बेटी," म्हणत हातानं फिरवून धोट्याची एक फेरी सावकाश दाखवली. शेठ माझ्यावर तापला. दोघींना काहीच कळलं नाही, पण बाहेर पडताना दोघी चार तमाशे बघून आल्यासारख्या दिसत होत्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. थोड्याच दिवसांत मिसनं आईबापांना बोलावलं. मुलगी हुशार आहे, पण मध्येमध्ये फार विचारते. सुनेनं सईला समजावलं, मुलानं चॉकलेटचं आमिष दाखवलं. ताई मात्र मला घेऊन शाळेत गेली. "दिवसाला एक तरी विचारू द्या हिला, बाई." मिस वाईट नव्हती, दमलेली होती. म्हणाली, "आजी, एकीला दिलं की सगळे विचारतात. मग मी शिकवू कधी?" या वेळी ताईला "चल बघू"सुद्धा म्हणता येईना.

पुढच्या एका रविवारी तिनं कुणाकडून तरी जिवंत खेकडा मिळवला आणि बादलीत घालून सईपुढं ठेवला. सईनं पाहिलं. "क्रॅब," म्हणाली, स्पेलिंग सांगितलं आणि टाळ्यांसाठी आमच्याकडं बघत उभी राहिली. मुलानं टाळ्या वाजवल्या. सुनेनं वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. ताई बादलीशी बसून राहिली, तिचा दमा त्याच दिवसांत वाढायला लागला होता... मग म्हणाली, "सोडून ये रं हा खेकडा." पण सोडायचा कुठं, हे तिलाही सांगता येईना.

तिच्या बाराव्याला आम्ही सगळे अंजूरला होतो. सईला आत्याआजी गेल्याचं नीट सांगितलं होतं. आता ती विचारणार, कुठं गेली? मी ठरवलं होतं, या वेळी गोष्ट सांगायची नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं. मोठ्या कष्टानं पाठ केलं होतं ते.

ताईच्या खोलीत खिडकीखाली एक पाट आहे. लहानग्यांनी त्यावर चढून बाहेर बघावं म्हणून तिनं तो कायम तिथंच ठेवला. हल्ली बाहेर गोदामाचा निळा पत्रा दिसतो तेवढाच. सई खोलीत आली. इतकी माणसं मुकाट बसलेली पाहून तिनं एकदा सगळीकडं बघितलं, आणि त्या पाटावर चढायच्या ऐवजी खिडकीला पाठ करून बसली. मी वाट बघत होतो. तिनं हाताची घडी घातली, आणि तोंडावर बोट ठेवलं.