एका फटक्याला एक पान

मी बारा वर्षं होमगार्डमध्ये होते. शिक्षण चौथी. फॉल-इनच्या रांगेत नेहमी टोकाला उभी राहायची, म्हणजे साहेब काही विचारणार नाहीत.

आमचे हे फौजेत हवालदार. त्या वर्षी त्यांची बटालियन आफ्रिकेत शांतिसेनेवर होती. तळावर चार देशांचे पोलीसही होते. रविवारी फोनवर ते त्या पोलिसांचंच सांगायचे. एका देशाचे पोलीस आधी हवेत गोळी झाडतात, मग बोलतात. दुसऱ्यांच्या कमरेला पिस्तूलच नाही. ते गर्दी हटवताना आधी मागच्या रांगेकडे जातात, कारण पुढच्यांना सरकायला जागाच नसते. आणि कुणाला एक फटका मारला, तर का मारला याचं एक पान लिहून द्यावं लागतं.

मी म्हटलं, "मले पान लिहाले दिवस लागन. त्यापेक्षा न मारलेलं बरं."

ते खूप वेळ हसत होते.

जूनमध्ये जळगाव जामोदला कपाशीच्या बियाण्याच्या दुकानासमोर बंदोबस्त लागला. सातला रिपोर्ट केला. फौजदार साहेब, चार कॉन्स्टेबल, आम्ही दोघी होमगार्ड. आमच्याकडे बायांची रांग. दहापर्यंत सगळं शांत. दहा वाजून दहा मिनिटांनी पाकिटं संपल्याची आवई उठली आणि रांग मोडली. सगळ्या बाया शटरवर लोटल्या. अगदी पुढे एक पोटुशी बाई होती. ती दोन्ही हात पोटावर धरून उभी होती.

साहेब वॉकीटॉकीवर बोलले. "कंट्रोल, फोर्स पाठवा."

"वीस मिनिटं लागतील, सर."

साहेबांनी पुढून लाठी चालवायचा हुकूम दिला. माझी लाठी वर गेली. समोर तीच बाई होती. तिच्या मागे वीतभर जागा नव्हती.

त्या दिवशी मी पहिल्यांदा न विचारता बोलले. "साहेब, मागून हटवू द्या. दोन मिनिटं."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "दोनच."

मी वळसा घालून मागे गेले. लाठी जमिनीवर आडवी ठेवली आणि बोलू लागले. माझा आवाज मुळातच बारीक. एक म्हातारी म्हणाली, "काय कुजबुजून राह्यली वं? पोलीस आहेस का नवी नवरी?"

बाया हसल्या. मग ऐकायला गप्प झाल्या.

"समोर पोटुशी बाई दबली, माय. ह्या लाठीच्या मागं या. नंबर कोणाचा जाणार नाही. मी इथंच उभी आहो."

पहिली ती म्हातारीच सरकली. तिनं शेजारणीचा पदर धरून तिलाही ओढलं. गर्दी मागून सुटत गेली. ते पाहून साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं नाही. दहा वाजून एकोणीस मिनिटांनी ती बाई बाहेर आली. मी तिला सावलीत बसवून पाणी दिलं.

रविवारी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "पान लिहून ठेव. आलो की वाचतो."

अकरा दिवसांनी गस्तीवर त्यांची जीप सुरुंगावर गेली. तिघे गेले.

आता आमच्या भागात नव्या पोरी बंदोबस्ताला उभ्या राहिल्या की एक जणी आधी मागच्या रांगेकडे जाते. हे कुठून आलं ते त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलेलं नाही.

हे पान लिहायला मला चार दिवस लागले. फटका एकही नाही, तरी लिहिलं. त्या जीपमधले तिघे: नाईक सुखदेव. शिपाई रमेश. तिसरं नाव मी कधी तोंडानं घेतलेलं नाही. इथं लिहिते. हवालदार प्रल्हाद.