तारेतून आलेली साक्ष

तिसा नदीकाठच्या त्या हंगेरियन गावात हिंडलच्या हातची उशी नसलेलं यहुदी घर विरळाच. पाळीव हंसांची पिसं काढून ती उशा-गाद्या भरायची. तिचा नवरा वोल्फ चौदा सालच्या मोठ्या लढाईत रशियन आघाडीवर गेला, तो परतलाच नाही. मेला म्हणावं तर साक्षीदार नाही; साक्षीशिवाय धर्म तिला दुसऱ्या लग्नासाठी मोकळी करीना. ना सवाष्ण, ना विधवा!

जोडे शिवणारा लिपे बिजवर. तो तिच्या दारात येऊन म्हणे, "माझ्या पोरी आईवाचून वाढताहेत. एकदा हो म्हण, बाई."

"मी म्हणून काय होतंय? रब्बींनी म्हणायला हवं."

एका हिवाळ्यात फेरीवाल्यानं बातमी आणली. वोल्फला आघाडीवर पुरणारा शिपाई लढाईनंतर आखलेल्या नव्या सरहद्दीपलीकडे, डोंगरातल्या क्षयाच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता. बर्फानं वाटा बंद. सरहद्दीचे परवाने लवकर मिळेनात. गावचे धर्मगुरू रब्बी आन्शेल सरळ पोस्टात गेले आणि त्यांनी टेलिफोन लावला.

"मीच पुरलं त्याला," पलीकडून खोकत आवाज आला. "डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. बायकोचं नाव हिंडल सांगायचा."

वोल्फची खूण पटली. आन्शेल रडतच बाहेर आले. पण असला निर्णय एकट्यानं द्यायचा नसतो. आणखी दोन रब्बींची संमती लागते. एकानं दिली. शेजारच्या गावचे म्हातारे रब्बी मात्र अडून बसले.

"बोलणारा कोण, पाहिलं कुणी? तो माणसाचा आवाज की यंत्राचा? उद्या कुणीही उठेल आणि तारेवरून कुणाच्याही बायकोला मोकळी करील. नवरा परत आला, तर हिला दुसऱ्यापासून झालेल्या पोरांनी तोंड कुठं लपवायचं?"

"अशा बायकांसाठी आपल्या पूर्वजांनी एका साक्षीदारावर भागवलंय," आन्शेल म्हणाले.

"साक्षीदारावर. तारेवर नाही."

परवाना हातात आला, तोवर शिपायाला मूठमाती मिळाली होती.

हिंडलनं आन्शेलना विचारलं, "तुम्ही स्वतः ऐकलंत ना, रब्बी? तुम्हाला पटलं?"

"पटलं."

"मग?"

"माझ्या एकट्याचं पटणं पुरत नाही, पोरी."

लिपेनं आणखी एक हिवाळा कळ काढली आणि डेब्रेत्सेन शहरातली बायको केली. त्याच्या पोरी हिंडलला पाहिलं की रस्ता ओलांडून जायच्या.

पुढे आन्शेल वारले. नवे रब्बी तरुण. त्यांच्या टेबलावरच टेलिफोन. कापलेली कोंबडी धर्मानं खायला चालेल की नाही, हेसुद्धा लोक तारेवरूनच विचारू लागले. हिंडल एकदा त्यांच्याकडे गेली.

"आता टेलिफोन चालतो म्हणे?"

"काही बाबतींत चालतो, हिंडलमावशी. कुणाला लावायचाय?"

तिनं यंत्राकडे पाहिलं; सांगणारा शिपाई केव्हाच मातीआड गेला होता. मग उशीचं माप घ्यायला आले होते, असं काहीतरी पुटपुटून बाहेर पडली. लग्न झालेल्या बाईचा रुमाल शेवटपर्यंत तिच्या डोक्यावर राहिला. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या वसंतात गावातल्या सगळ्या यहुद्यांना आगगाडीत कोंडून छळछावणीकडे नेलं, त्यांत हिंडलही होती.