दुसरी काठी

‘जगात अशी काठी एकच आहे,’ असं मी माइकवर सांगत होतो. समोर बेंगळूरहून आलेले ऐंशी पाहुणे, डोक्यावर माझी जुनी टोपी, आवाजही बरा लागलेला. आणि माझ्या पाठीमागे वीस पावलांवर अगदी तशीच दुसरी काठी इंजिन ड्रायव्हरच्या हातात दिली जात होती. मला पत्ताच नव्हता.

काठी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वाया. आमची लाईन अळणावरच्या पुढे जंगलातून घाट चढते. रेल्वेनं ही शाखा केव्हाच बंद केली होती. आता एका पर्यटन कंपनीनं तिच्यावर वाफेचं इंजिन आणि चार डबे लावून हौशी लोकांना फिरवायचं ठरवलं. लाईन एकेरी, जायचं-यायचं एकाच रुळावरून, सिग्नल नाहीत. त्यासाठी जुन्या लोकांनी उपाय काढून ठेवलेला होता. हातभर लांबीची एक सागवानी काठी, टोकाला पितळी कडं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसं ज्याच्या हाती काठी त्याची लाईन. काठी नसेल तर ड्रायव्हरनं चाक हलवायचं नाही, मग समोर मंत्री का उभा असेना. काठी एकच, म्हणून लाईनवर एका वेळी एकच जण. यात कॉम्प्युटर नाही, बॅटरी नाही, पासवर्ड नाही. बिघडायला जागाच नाही, असं मी सगळ्यांना छाती फुगवून सांगत असे.

मी सदतीस वर्षं स्टेशन मास्तर होतो. रिटायर होऊन धारवाडला सप्तापुरात घर केलं. महिनाभरात बायको म्हणाली, ‘घरात टाइमटेबल लावू नका, बाहेर कुठंतरी लावा.’ तेवढ्यात या कंपनीनं सल्लागार म्हणून बोलावलं. मी गेलो नसतो तरच नवल.

कंपनीचा मॅनेजर निखिल. पोरगा वाईट नाही. हुबळीच्या कापडबाजारातलं घर, आजोबा निपाणीहून आलेले. गिऱ्हाईक बरोबर कळतं, रूळ तेवढा कळत नाही. त्याला काठी फार आवडली, म्हणजे फोटोसाठी. पाहुण्यांनी हातात काठी धरायची, डोक्यावर टोपी घालायची आणि इंजिनाच्या चित्रापुढे उभं राहायचं, असा त्याचा ‘फोटो कॉर्नर’. खरी काठी मी देणार नाही म्हटल्यावर त्यानं सुतार गाठून नक्कल करून घेतली.

ती पहिली नक्कल बघून मला हसू आवरेना. रंग लालभडक, कडं प्लास्टिकचं, वजन लाटण्याएवढं. ‘हे शाळेच्या गॅदरिंगला द्यायचंय का?’ असं मी सुताराला विचारलं. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. लाकूड सागवानीच पाहिजे. कडं पितळेचंच पाहिजे. मधोमध ड्रायव्हर लोकांच्या हातांनी झिजून काळी पडलेली जागा आहे, ती दिसली पाहिजे. कड्यावर एक खाच आहे, तीही पाहिजे. सुतार तीनदा आला आणि मी तीनदा परत पाठवला. चौथ्या खेपेला काठी हातात घेतली आणि मन भरून आलं. त्याला चहा पाजला, वर भजी पण खिलवली. निखिलला म्हणालो, ‘अस्सल म्हणजे असं असतं.’ तो बिचारा हो हो म्हणाला.

आता त्या दिवशीचं. आमचा मेट यल्लप्पा रोज सकाळी खरी काठी घेऊन वर जातो. मेट म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम. त्याची ढकलट्रॉली असते, चार चाकांवर एक फळी आणि बाकडं. चढाला तिघं ढकलतात, उताराला चौघंही वर बसतात आणि यल्लप्पा ब्रेकचा दांडा धरतो. येताना लाईन तपासायची, गाडीच्या आधी खाली पोचायचं आणि काठी ऑफिसातल्या हुकावर लावायची. मग मी ती काढून ड्रायव्हरला देतो. हा रोजचा रिवाज.

त्या दिवशी वर रुळावर फांदी पडली होती. ती तोडण्यात यल्लप्पाला उशीर झाला. इकडे पाहुणे खास होते, सगळे प्रवासाचे व्हिडिओ करणारे. निखिल सकाळपासून पायाला भिंगरी लावून फिरत होता. मला त्यानं माइक दिला. माझा वॉकीटॉकी ड्रोनवाल्याला हवा म्हणून काढून नेला. मीही दिला. खरं सांगायचं तर माइक हातात आला की मला दुसरं काही सुचत नाही.

मी काठीची महती सांगत होतो तेव्हा मागे टाळ्या वाजल्या. वळून बघतो तर एक पाहुणी बाई ड्रायव्हर मल्लप्पाअण्णाच्या हातात काठी देत होती. मल्लप्पाअण्णा माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच रिटायर होऊन परत कामाला लागलेला. त्यानं रिवाजाप्रमाणे काठी कपाळाला लावली. मला वाटलं, यल्लप्पा आला वाटतं. पाहुणे डब्यांत चढून बसले. शिट्टी झाली. शेवटच्या डब्यातून गार्ड सविताक्कानं हिरवा बावटा दाखवला आणि गाडी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली.

मी टोपी काढून घाम पुसला आणि ऑफिसच्या दाराशी बाकावर टेकलो. बाकाखाली यल्लप्पाच्या चपला होत्या.

हा मनुष्य सकाळी चपला काढून बूट घालतो आणि परत आला की आधी बूट फेकतो, मग बोलतो. चपला इथं आहेत म्हणजे यल्लप्पा लाईनवर आहे. यल्लप्पा लाईनवर आहे म्हणजे काठी त्याच्याकडे आहे. मग मल्लप्पाअण्णाच्या हातात काय आहे?

वरून चौघं उतारानं ट्रॉलीवर बसून येत असणार, आणि खालून इंजिन चाललेलं. पहिल्या वळणाला दोन्ही बाजूंनी कापलेला डोंगर आहे, तिथं उडी मारायलाही जागा नाही. मोबाईलला तिथं रेंज नाही. वॉकीटॉकी ड्रोनवाल्याकडे. लाल बावटा शोधला तर तो फोटो कॉर्नरमध्ये, मोळे मारून शोभेसाठी भिंतीला ठोकलेला.

मी पळालो. चौसष्टाव्या वर्षी, डबल गुडघेदुखीसह. आमच्या शास्त्रात बावटा नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे धरायचे, त्याचा अर्थ थांबा. मी दोन्ही हात वर करून प्लॅटफॉर्मवर गाडीच्या बाजूनं धावत सुटलो. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनीही खिडक्यांतून दोन्ही हात वर केले आणि आनंदानं ओरडायला लागले. मी कन्नडमध्ये ओरडलो, मराठीत ओरडलो, शेवटी कुठल्या भाषेत ओरडलो देव जाणे. लोक शूटिंग करत होते.

शेवटचा डबा माझ्यापुढून गेला. सविताक्का दारात उभी होती. हिच्याकडून मी तीन महिने नियम घोकून घेतले होते आणि ती मला मनात शिव्या घालत असणार, याची मला खात्री होती. तिनं माझे हात बघितले. हसली नाही, हात हलवला नाही. आत वळली आणि ब्रेक खेचला. प्लॅटफॉर्म संपून थोडं पुढे गाडी थांबली. मी कसाबसा तिथवर गेलो आणि खडीवर बसलो. त्या पोरीच्या पाया पडावं असं वाटलं, पण बसल्या जागेवरून उठवेना.

‘एनात्रि मास्तर?’ काय झालं म्हणून मल्लप्पाअण्णा इंजिनातून वाकून विचारत होता. मी आधी फायरमनला सविताक्काचा लाल बावटा देऊन वळणाकडे पिटाळलं. तोवर निखिल धावत आला, तोंड लाल झालेलं.

‘काका, ही काय पद्धत झाली? पाहुण्यांसमोर!’

‘काठी कुठून आणलीस?’

‘फोटो कॉर्नरमधून. हुकावर नव्हती.’

‘हुकावर नव्हती म्हणजे काय?’

‘म्हणजे कुणीतरी कुठंतरी ठेवली असेल. काका, आपल्याकडे इंजिनच एक आहे. समोरून येणार कोण?’

वळणाकडून फायरमनच्या आरोळ्या आल्या, मग लाकडी ब्रेक घासल्याचा आवाज आला. ट्रॉली हळूहळू वळणातून बाहेर आली. वर चौघं जण, मध्ये एक भलामोठा फणस, आणि यल्लप्पाच्या काखेत काठी. निखिलनं ट्रॉलीकडे बघितलं, मग इंजिनाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो माझ्या शेजारी खडीवर बसला.

इथं गोष्ट संपली असती, तर मी ताठ मानेनं सांगितली असती. पण यल्लप्पा खाली उतरला, मल्लप्पाअण्णानं आपल्या हातातली काठी त्याला दाखवली, त्यानं आपली दाखवली, दोघांनी अदलाबदल करून बघितलं, खडीवर ठेवलं, शिव्या दिल्या. आणि मग उचलायची वेळ आली तेव्हा खरी कुठली ते कुणालाच सांगता येईना.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांत दोन्ही काठ्या तोलल्या. वजन सारखं. झीज सारखी. खाच सारखी. सदतीस वर्षं असल्या काठ्यांवर जीव टाकला, आणि खरी कुठली ते मला ओळखू येत नव्हतं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

शेवटी यल्लप्पानं दोन्ही काठ्या नाकाला लावल्या. ‘हिला बूटपॉलिशचा वास येतोय,’ म्हणाला. सुतारानं काळी झीज बूटपॉलिशनं साधली होती. वा रे कारागीर.

मी यल्लप्पाकडून फांदी तोडलेली कुऱ्हाड घेतली आणि नकली काठी तिथंच सगळ्यांसमोर तोडली. दोन घावांत तुटली नाही, चार लागले. चांगलं सागवान होतं, मीच निवडलेलं. तुकडे मल्लप्पाअण्णानं भट्टीत टाकले. यल्लप्पाच्या माणसांनी ट्रॉली उचलून बाजूला ठेवली, मी खरी काठी माझ्या हातानं मल्लप्पाअण्णाला दिली आणि गाडी वर गेली.

काठी तोडतानाचा व्हिडिओ पाहुण्यांनी टाकला, तो तुफान चालला. पुढच्या आठवड्यात गर्दी वाढली. निखिलनं हळूच विचारलं, ‘काका, रोज एक काठी तोडता येईल का?’ तेव्हापासून फोटो कॉर्नरमध्ये काठीऐवजी छत्री आहे. यल्लप्पानं मात्र चपला बाकाखाली ठेवायचं सोडलेलं नाही. ठेवू नको असं मीही त्याला कधी सांगणार नाही.

कंपनीला रिपोर्ट द्यावा लागला. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुकांचे रिपोर्ट लिहिले. हा लिहायला दोन दिवस लागले. काय घडलं, कुठं घडलं, ते भरून झालं. ‘कारण’ या रकान्यात आधी निखिलचं नाव लिहिलं, ते खोडलं. मग ड्रोनवाल्याचं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी जे खरं होतं ते लिहिलं आणि खाली सही केली: ‘नक्कल चुकीची झाली होती. मास्तरांनी ती तीन वेळा सुधारून घेतली.’